व्हेंटिलेटरवरचे तीन आठवडे: फ्लूच्या न्यूमोनियाचा रुग्ण तालुक्याच्या आयसीयूत सांभाळताना

विषाणूने सुजलेल्या फुप्फुसावर नेमकं असं औषध फार थोडं आहे. फ्लूला ओसेल्टामिविर आहे, कोविडला डेक्सामेथासोन आणि अजून दोन-चार नावं आहेत. बाकी फुप्फुस आपलं आपण भरून येतं, आणि बिघडलेल्या रुग्णात त्याला दोन-चार आठवडे सहज लागतात. तोवर आपण दोनच गोष्टी करू शकतो: ऑक्सिजन पुरवायचा, आणि पुरवताना नवी इजा करायची नाही. दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्ण दगावतो तो पुष्कळदा मूळ विषाणूने नाही, तर श्वासनलिकेत घातलेली नळी चोंदल्याने, नव्या जंतूने, फुटलेल्या फुप्फुसाने किंवा फीड (पोटात नळीने दिलेलं अन्न) बंद असताना चालू राहिलेल्या इन्सुलिनने.

2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तो विषाणू आता मोसमी फ्लूचाच भाग आहे. पावसाळ्यात एकदा आणि थंडी सरताना एकदा डोकं वर काढतो. त्या दिवसांत दहा खाटांच्या आयसीयूत असे दोन-तीन रुग्ण एकदम येऊ शकतात. पुढचं लिखाण तिथल्या सिस्टर, ब्रदर आणि ज्युनिअर डॉक्टरांसाठी आहे. सगळे डोस प्रौढ रुग्णाचे.

नळी घालायच्या आधी

हाय-फ्लोवरचा (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन घेणारा) रुग्ण टिकेल की नाही, हे नुसत्या सॅच्युरेशनवरून कळत नाही. सॅच्युरेशनला एफआयओटूने (श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण; 1.0 म्हणजे शुद्ध ऑक्सिजन) भागा, आलेल्या आकड्याला श्वासाच्या गतीने भागा. याला रॉक्स इंडेक्स म्हणतात. सॅच्युरेशन 92, एफआयओटू 0.6, श्वास मिनिटाला 30: 92 भागिले 0.6 म्हणजे 153, त्याला 30ने भागून 5.1. दोन, सहा आणि बारा तासांनी हा आकडा 4.88च्या वर असेल तर रुग्ण बहुधा निभावतो. बारा तासांनंतरही 3.85च्या खाली असेल तर नळीची तयारी दिवसाउजेडी करा. पहाटे चारला एकट्या ड्यूटी डॉक्टरने घाईत घातलेली नळी सगळ्यात धोक्याची. श्वास पूर्ण मिनिटभर, छातीकडे बघून मोजा. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा अंदाजाचा असतो आणि केस पेपरवरचा '22' कधी कधी त्याहूनही अंदाजाचा.

सॅच्युरेशनचं यंत्र सावळ्या त्वचेवर थोडं जास्त दाखवतं. बोटाला नेलपेंट असेल तर पुसा, मेंदी असेल तर कानाची पाळी वापरा, आणि दिवसातून एकदा तरी एबीजीशी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) ताडून बघा.

ऑक्सिजनचा हिशेब रुग्ण घेतानाच करायचा. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर वायू असतो. हाय-फ्लो 60 लिटरवर, एफआयओटू 0.9 असेल तर मिनिटाला सुमारे 52 लिटर शुद्ध ऑक्सिजन जातो, म्हणजे एक सिलिंडर सव्वादोन तासांत रिकामा. तोच रुग्ण व्हेंटिलेटरवर, एफआयओटू 0.6 आणि मिनिटाला 10 लिटर हवा घेत असेल तर पाचेक लिटर लागतात. यंत्राचा स्वतःचा प्रवाह वेगळा. मॅनिफोल्डवर (एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या रांगेत) जेमतेम सहा सिलिंडर असलेल्या ठिकाणी दोन हाय-फ्लो रात्रभर चालणार नाहीत. अर्धवट सिलिंडरमध्ये किती उरलं हे काढायला गेजवरचा बार गुणिले 47. गेज 50 बार दाखवत असेल तर साधारण 2350 लिटर.

घशाचा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून फ्लू नाही असं समजू नका. विषाणू खाली फुप्फुसात असतो आणि वर सापडत नाही. नळी पडली की आतला स्राव तपासणीला पाठवा आणि ओसेल्टामिविर तोवर चालू ठेवा: 75 मिग्रॅ दर बारा तासांनी, कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळून रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी). किडनी मंदावली असेल तर डोस कमी होतो. कोर्स पाच दिवसांचा असला तरी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बहुधा दहा दिवस देतात. एक चूक कोविडनंतर फार पसरली: न्यूमोनिया दिसला की डेक्सामेथासोन. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला 6 मिग्रॅ रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, याला आधार आहे. फ्लूला फ्लू म्हणून स्टेरॉइड देऊ नका. तिथे फायद्याऐवजी नव्या जंतुसंसर्गाची भीती जास्त. दमा, सेप्टिक शॉक अशी वेगळी कारणं असतील तर फिजिशियन ठरवतील.

टेप आधी, यंत्र नंतर

टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात जाणारी हवा, उंचीवरून ठरतो, वजनावरून नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. रुग्णाला सपाट झोपवा आणि टेपने टाळूपासून टाचेपर्यंत मोजा. नातेवाइकांना विचारून उंची लिहू नका, 'असतील पाच-सहा' हेच उत्तर मिळतं. सेंटीमीटरमधल्या उंचीतून 152.4 वजा करा, 0.91ने गुणा, आणि पुरुष असेल तर 50, बाई असेल तर 45.5 मिळवा. हे झालं हिशेबाचं वजन. त्याला 6ने गुणलं की टायडल व्हॉल्यूम मिलीमध्ये मिळतो.

152 सेंमी उंचीच्या, 78 किलोच्या बाईंचं उदाहरण घ्या. हिशेबाचं वजन 45 किलो, टायडल व्हॉल्यूम 270 मिली. यंत्रावर सवयीने 450 ठेवलं तर किलोमागे 10 मिली जातात, आणि सुजलेल्या फुप्फुसाचा जो थोडा भाग अजून फुगतो आहे तो ताणून फाटतो. 2000 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत 12 मिलीच्या गटातले 39.8 टक्के रुग्ण दगावले, 6 मिलीच्या गटातले 31 टक्के. नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. त्यामुळे 270 हा आकडा मार्करने यंत्रावरच लिहून ठेवा, कारण रात्री कुणीतरी 'हवा कमी जातेय' म्हणून वाढवणारच.

दर शिफ्टला प्लॅटू प्रेशर (हवा थांबलेली असताना फुप्फुसातला दाब) मोजा: इन्स्पिरेटरी होल्ड, म्हणजे आत भरलेला श्वास रोखून, अर्धा सेकंद, रुग्ण स्वतः ओढत नसताना. 30 सेंमी पाण्याच्या आत हवं. त्यातून पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर. ते 15च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. प्लॅटू 30च्या वर गेला तर किलोमागे एक-एक मिली कमी करत 4पर्यंत उतरा आणि श्वासाची गती 35पर्यंत वाढवा. कार्बन डायऑक्साइड चढेल. रक्ताचा पीएच 7.25च्या वर आहे तोवर चढू द्या. सॅच्युरेशन 88 ते 95 पुरेसं. 99 दिसायला छान वाटतं, पण त्यासाठी एफआयओटू विनाकारण चढा राहतो. पीप एफआयओटूच्या जोडीने ठरवा: 0.4ला 5 ते 8, 0.6ला 10, 0.8ला 14 अशी सुरुवात करा आणि मग रक्तदाब व ड्रायव्हिंग प्रेशर बघून बदला.

अलार्म वाजला की पहिला प्रश्न: नुसतं पीक प्रेशर (हवा आत ढकलतानाचा सर्वांत जास्त दाब) वाढलंय की प्लॅटूसुद्धा? पीक 42 आणि प्लॅटू 26च असेल तर अडचण वाटेत आहे: नळीत गाठ, नळी दाताखाली, सर्किटला (यंत्रापासून येणाऱ्या पाइपांना) पीळ किंवा श्वासनलिका आवळलेली. दोन्ही चढले असतील तर अडचण फुप्फुसात किंवा त्याभोवती: नळी उजव्या बाजूला सरकलीय, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) झालाय किंवा पोट फुगलंय. सॅच्युरेशन झपाट्याने पडतंय आणि कारण दिसत नाही, तर यंत्र सोडवा, अँबू बॅगने हाताने हवा द्या, सक्शन कॅथेटर आत जातो का बघा, दोन्ही बाजू स्टेथोस्कोपने ऐका. बॅगवर रुग्ण सुधारला तर दोष यंत्रात. कॅथेटर जात नसेल तर दोष नळीत. एका बाजूला हवा नाही आणि रक्तदाब कोसळतोय, तर एक्सरेची वाट बघत बसू नका, हवा सोडायला छातीत सुई घाला.

नळी

नळी दुसऱ्या आठवड्यात चोंदते, आणि बहुतेकदा कोरड्या हवेमुळे. सिलिंडरचा ऑक्सिजन हाडासारखा कोरडा असतो. एचएमई फिल्टर (रुग्णाच्याच श्वासातली ऊब आणि ओल परत देणारा) वापरत असाल तर तो साधारण दोन दिवसांनी, आणि स्राव साचला तर लगेच बदला. कमी टायडल व्हॉल्यूमवर एचएमईचं आणखी एक दुखणं: त्याच्या पोटात पन्नासेक मिली हवा नुसती ये-जा करते. 270 मिलीतले 50 असे वाया गेले तर कार्बन डायऑक्साइड चढतो. अशा रुग्णाला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर चांगला. पण दोन्ही एकत्र कधीच नाही. एचएमई पाणी पितो, फुगतो आणि वाट बंद करतो. नेब्युलायझर देतानाही तो बाजूला काढा आणि नंतर परत लावायला विसरू नका.

सक्शन गरजेपुरतं: गुरगुर ऐकू येते, ग्राफवर करवतीसारखे दाते दिसतात, प्रेशर चढतंय तेव्हा. घड्याळ बघून दर दोन तासांनी नको. 8 नंबरच्या नळीला 12चा कॅथेटर, 7च्या नळीला 10चा. दाब 80 ते 120 मिमी. एका वेळी 15 सेकंदांच्या आत बाहेर. सलाइन ओतून सक्शन करायची सवय मोडा. ते सगळं परत येत नाही, जंतू मात्र खोल जातात. क्लोज्ड सक्शन महाग वाटतं. पण यंत्र सोडवलं की पीप जातो आणि मोठ्या कष्टाने उघडलेलं फुप्फुस एका मिनिटात मिटतं. सर्किट सोडवायची वेळ आलीच तर श्वास आत भरलेला असताना नळीला क्लॅम्प लावा आणि मग सोडवा.

कफ प्रेशर (नळीच्या टोकाभोवतीच्या फुग्यातला दाब) 20 ते 30 सेंमी पाणी, मॅनोमीटरने, दर शिफ्टला. फुगा बोटांनी दाबून 'बरोबर आहे' म्हणणं ही मोजणी नाही. कमी असेल तर तोंडातली लाळ खाली उतरते, जास्त असेल तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचं रक्त थांबतं आणि त्याचं फळ दोन महिन्यांनी दिसतं. नळी ओठापाशी किती सेंटीमीटरवर आहे ते बोर्डवर लिहा. हनुवटी जाईल तिकडे नळीचं टोक जातं: मान खाली वाकली की टोक आत, मान मागे गेली की बाहेर. फीत रोज ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा, नाहीतर आठव्या दिवशी तिथे चीर पडलेली असते. डोकं 30 ते 45 अंश वर. दात दिवसातून दोनदा ब्रशने घासा, सोबत सक्शन. क्लोरहेक्सिडिनने रोज तोंड धुवायची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे.

पालथं झोपवणं

एफआयओटू 0.6 असूनही पीएओटू (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू 150च्या खाली असेल तर रुग्णाला पालथं करा. उदाहरणार्थ पीएओटू 66 आणि एफआयओटू 0.6, म्हणजे 110. 2013च्या फ्रेंच चाचणीत रोज किमान 16 तास पालथं ठेवलेल्या रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू 16 टक्के होते, न ठेवलेल्यांत 32.8. आयसीयूच्या शास्त्रात एवढा मोठा फरक क्वचित दिसतो, आणि याला लागतात पाच माणसं आणि दोन चादरी. शेवटचा उपाय म्हणून दहाव्या दिवशी करण्यात अर्थ नाही. पहिल्या दीड-दोन दिवसांत सुरू करा.

वेळ दुपारी चारची चांगली. माणसं हाताशी असतात, आणि सोळा तास भरतात तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात, दोन्ही शिफ्ट एकत्र असतात.

तासभर आधी फीड बंद, रायल्स ट्यूब ओढून रिकामी. इन्सुलिनचा पंप चालू असेल तर तोही त्याच क्षणी थांबवा. दोन्ही पंपांवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवली की विसरायला होत नाही. एफआयओटू 1.0. तोंड आणि नळी सक्शनने साफ. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने बंद. जीभ दातांच्या आत. नळी चिकटपट्टीऐवजी फितीने बांधा, कारण पालथ्या रुग्णाच्या लाळेने पट्टी तासाभरात सुटते. सेडेशन (झोपेचं औषध) खोल हवं, लागलं तर स्नायू शिथिल करणारं व्हेक्युरोनियम किंवा अॅट्राक्युरियम. मानेतली लाइन डोक्याच्या दिशेने, युरिनची नळी पायांच्या मधून पायथ्याकडे. छातीवरचे ईसीजीचे लीड काढून हाताशी ठेवा. नवी नळी, लॅरिंगोस्कोप आणि अँबू बॅग उशाशी.

छातीवर एक उशी, ओटीपोटावर एक, मधे पोट मोकळं. वरून दुसरी चादर, आणि खालच्या-वरच्या चादरींच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळा. रुग्ण करंजीसारखा बंद झाला पाहिजे. डोक्याशी डॉक्टर, एक हात नळीवर. दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे. मोजणारा एकच, तो डोक्याशी उभा असलेला. 'एक-दोन-तीन'ला व्हेंटिलेटरपासून दूरच्या कडेला सरकवा. पुन्हा मोजून कुशीवर, व्हेंटिलेटरकडे तोंड करून. इथे थांबा. नळी, सॅच्युरेशन, लाइन सगळं बघा. मग पूर्ण पालथं. घाई याच पायरीवर नडते: कुशीवर न थांबता एकदम उलटवलं की सर्किट अंगाखाली अडकतं.

पालथं झालं की दोन्ही बाजू ऐका, नळीचा आकडा बघा, लीड पाठीवर लावा, पलंग डोक्याकडून 10-15 अंश उचला. एक हात वर, एक खाली, तोंड वर केलेल्या हाताकडे, पोहणाऱ्यासारखं. दर दोन तासांनी तोंड आणि हात बदला. वर केलेला हात खांद्याच्या रेषेपुढे ताणला तर ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) दुखावतो. रुग्ण महिन्याने घरी जातो आणि हात उचलत नाही. फोड येतात ते कपाळ, गाल, हनुवटी, कानाची पाळी, छाती, कंबरेची हाडं, गुडघे यांवर. बायकांच्या स्तनांवर आणि पुरुषांच्या वृषणांवर दाब नाही ना, हे हात घालून बघा. फीड 20-25 मिली ताशी दराने पुन्हा सुरू, इन्सुलिन त्यानंतर.

तासाभरात सॅच्युरेशन चढलं नाही म्हणून उताणं करू नका. कधी चार-सहा तास लागतात. शिवाय पालथं झोपवण्याचा फायदा फुप्फुस कमी ताणलं जाण्यात आहे, ऑक्सिजनचा आकडा सुधारो वा न सुधारो. उताणं केल्यावर चार तासांनी, पीप 10च्या आत आणि एफआयओटू 0.6च्या आत असताना, गुणोत्तर 150च्या वर राहिलं की पालथं करणं थांबवा.

हे करूनही गुणोत्तर तीन तास 50च्या खाली किंवा सहा तास 80च्या खाली राहिलं तर एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र) केंद्राला फोन करा, तोही व्हेंटिलेटरच्या पहिल्या आठवड्यात. दोन आठवडे जोराच्या दाबावर काढल्यावर एक्मोचा उपयोग फारसा उरत नाही.

झोप, भूल, भ्रम

आधी दुखणं थांबवा, मग झोप. फेंटानिल ताशी 25 ते 100 मायक्रोग्रॅम, त्यावर गरजेपुरतं प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन. मिडाझोलाम स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं, पण चरबीत साठतं. किडनी थकलेली असेल तर पंप बंद केल्यावरही रुग्ण तीन-चार दिवस झोपलेला राहतो, मग सीटी स्कॅनची धावपळ होते. प्रोपोफॉल ताशी किलोमागे 4 मिग्रॅच्या वर नेऊ नका. पालथं करणं संपलं, एफआयओटू उतरू लागला की रोज सकाळी सेडेशन थांबवून बघा. हाक मारल्यावर डोळे उघडतो, एवढीच झोप हवी. तडफडला तर पुन्हा सुरू, पण निम्म्या वेगाने.

भरतीच्या दिवशीच घरच्यांना, चारचौघांत न विचारता, विचारून घ्या: दारू किती, तंबाखू-मिश्री किती. तिसऱ्या दिवशी हातपाय झाडणारा रुग्ण दारू तुटल्यामुळे तसा असू शकतो, आणि त्याला बांधून ठेवून काही साधत नाही.

भ्रमावर सगळ्यात चांगलं औषध चष्मा, कानाचं यंत्र आणि दिसेल असं घड्याळ. प्रत्येक शिफ्टला नाव घेऊन बोला: 'काका, मी सिस्टर. आज मंगळवार, सकाळ झालीय. तुम्ही दवाखान्यात आहात, तोंडात नळी आहे म्हणून आवाज येत नाही.' हे झोपलेल्या रुग्णालाही सांगायचं. रात्री अकरा ते पाच दिवे मंद, आणि त्या वेळात न केलं तरी चालेल असं रक्त काढणं सकाळी ढकला.

पोट, पाणी, साखर

फीड पहिल्या 24 ते 48 तासांत. 60 किलोच्या माणसाला आठवड्याच्या आत 1500 कॅलरी आणि 75-80 ग्रॅम प्रथिनं गाठायची, पहिल्याच दिवशी नाही. आधीच उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर दिलं की फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं आणि श्वासाचे स्नायू अजून लुळे पडतात. ट्यूबची जागा एक्सरेवर बघितल्याशिवाय पहिला थेंब नाही. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून येणारं फीड चार तासांच्या वर टांगून ठेवू नका, आणि गाळून घ्या. नाचणीचं सत्त्व गार झालं की ट्यूबमध्ये खळीसारखं बसतं. प्रत्येक औषधानंतर 30 मिली पाणी. दर चार तासांनी पोटातलं ओढून मोजायची गरज नाही. उलटी झाली किंवा पोट फुगलं तरच बघा, आणि सहा तासांत 500 मिलीच्या वर निघालं तरच थांबवा. तीन दिवस शौच नाही तर लॅक्टुलोज. फुगलेलं पोट छाती-पोटामधला श्वासपडदा वर ढकलतं आणि आपण दोष फुप्फुसाला देतो.

शॉक सरला की फुप्फुस कोरडं ठेवा. चोवीस तासांचा हिशेब शून्याच्या आसपास. चोरवाट असते अँटिबायोटिकच्या बाटल्यांची. प्रत्येक डोस 100 मिली सलाइनमध्ये, दिवसाला दहा डोस, म्हणजे कुणी न लिहिलेलं एक लिटर. चालत असेल तिथे 50 मिलीत किंवा सिरिंज पंपाने द्या.

साखर 140 ते 180. स्टेरॉइड सकाळी दिलं की साखर दुपारनंतर चढते, म्हणून फक्त सकाळची तपासून समाधान मानू नका. मधुमेह आणि स्टेरॉइड दोन्ही असतील तर रोज टॉर्च लावून टाळू आणि नाकपुड्या बघा. काळा डाग, गालाला सूज, एका डोळ्याची पापणी पडलेली: त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. 2021च्या उन्हाळ्यात म्युकर बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते वेगळं सांगायला नको.

रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रोज एनॉक्सापॅरिन 40 मिग्रॅ त्वचेखाली, किडनी आणि प्लेटलेट बघून. पोटातला रक्तस्राव टाळायला पँटोप्राझोल 40 मिग्रॅ, व्हेंटिलेटर आहे तोवर; डिस्चार्जच्या चिठ्ठीवर ते चिकटून राहू देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यातला ताप

एफआयओटू 0.5वर आला होता, पुन्हा 0.7 झाला, सोबत ताप आणि स्राव पिवळा. हा नवा जंतू आहे असं धरून चाला. आपल्याकडच्या आयसीयूत तो बहुधा अॅसिनेटोबॅक्टर किंवा क्लेब्सिएला असतो, आणि त्याला बरीच औषधं लागू पडत नाहीत. आधी नळीतला स्राव आणि दोन वेगळ्या जागांहून रक्त कल्चरला, मगच अँटिबायोटिक बदला. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आणि युरिनची नळी आज लागतेय का, हे रोजच्या राउंडला मोठ्याने विचारा. 'असू दे' हे कारण नाही. लाइनचं टोक प्रत्येक वेळी स्पिरिटने 15 सेकंद चोळा. फ्लू आणि कोविड दोन्हींत अॅस्परजिलस बुरशीही येते, म्हणून जंतू सापडत नाही आणि छातीत नवे डाग दिसताहेत, तर गॅलॅक्टोमॅनन (त्या बुरशीची तपासणी) पाठवा. कल्चर निगेटिव्ह आलं तर औषध बंद करायचं धाडसही दाखवा.

नळी काढणं किंवा गळ्यात नेणं

एफआयओटू 0.4, पीप 8च्या आत, जागा, रक्तदाब टिकवायचं औषध नगण्य: प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला यंत्राची थोडी मदत) 5 ते 8 आणि पीप 5वर अर्धा तास सोडून बघा. श्वासाच्या गतीला लिटरमधल्या टायडल व्हॉल्यूमने भागा. 28 श्वास आणि 0.35 लिटर म्हणजे 80. 105च्या खाली असेल तर आशा आहे. पण खोकला जोराचा नसेल, मान उचलता येत नसेल तर आकडा काहीही असो, नळी काढून पस्तावाल. काढल्यावर लगेच हाय-फ्लो लावा, दम लागायची वाट बघू नका.

दहा-चौदा दिवसांनंतरही लवकर निघायची चिन्हं नसतील तर ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छोटं भोक पाडून तिथून श्वासाची नळी. घरचे 'गळा कापणार' म्हणून घाबरतात. त्यांना सांगा की यात तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी होतं, खुर्चीत बसता येतं, आणि बरं झाल्यावर भोक आपोआप बुजतं. उशाशी कायम: त्याच मापाची एक ट्यूब, एक नंबर लहान एक, डायलेटर, अँबू बॅग. आतली नळी दर आठ तासांनी धुवा. पहिल्या सात दिवसांत ट्यूब निसटली तर आंधळेपणाने परत ढकलू नका, ती वाट सोडून त्वचेखाली शिरते. भोकावर गॉज दाबा, तोंडावरून मास्कने हवा द्या, आणि वरून नळी घालायला माणूस बोलवा.

हातपाय हलवणं पहिल्या दिवसापासून: प्रत्येक सांधा दहा वेळा, दिवसातून दोनदा. मावशी-मामांना आणि भेटायला येणाऱ्या मुलालाही शिकवता येतं. एफआयओटू 0.6च्या खाली आला की पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, नळीसकट. तीन आठवड्यांत मांडीचा घेर डोळ्यांदेखत उतरतो, आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो त्यात अशक्त श्वासपडद्याचा वाटा मोठा असतो.

घरचे

रोज ठरलेली वेळ, घरातलं ठरलेलं एक माणूस, आणि काल-आज असे दोनच आकडे: एफआयओटू आणि पीप. 'उद्या काढू' म्हणू नका. खर्चाचं पहिल्याच दिवशी बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन लगेच पाठवा, दहाव्या दिवशी नको. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात; तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढायला दोन दिवस जातात, तेवढे हाताशी ठेवा.

घरी सोडताना

पूर्ण जागा, बसता येतंय, तरी पहिला घोट पाणी स्वतः पाजून बघा, चमच्याने. खोकला किंवा ओलसर आवाज आला तर अजून ट्यूबनेच फीड. सहा मिनिटं चालवा. बसून 95 आणि चालताना 86 होत असेल तर घरी कॉन्सन्ट्रेटर लागेल, आणि 5 लिटरच्या यंत्राला 10 लिटरचं काम सांगता येत नाही हे घरच्यांना दाखवून द्या.

डिस्चार्ज कार्डावर नळीचा नंबर, ती किती दिवस होती आणि ट्रॅकिओस्टॉमीची तारीख ठळक लिहा. कारण महिना-दीड महिन्याने हा रुग्ण धाप आणि घशात शिट्टी घेऊन गावातल्या डॉक्टरकडे जातो, दमा म्हणून पंप मिळतो, फरक पडत नाही. तो आवाज श्वास आत घेताना येतो, आणि दमा नसून नळीच्या कफच्या (फुग्याच्या) जागी अरुंद झालेली श्वासनलिका असू शकते. कार्डावर एक ओळ घाला: 'श्वास घेताना आवाज आल्यास पंप देत न बसता दुर्बिणीने घसा व श्वासनलिका तपासावी.'